विष दिसते, दात दिसत नाही

२०२३ च्या एप्रिलमध्ये कर्नाटकात विधानसभेचा प्रचार ऐन भरात होता. २७ तारखेला एका सभेत काँग्रेसचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांनी पंतप्रधानांना विषारी सापाची उपमा दिली. विष आहे की नाही हे पाहायला कुणी चाटून बघितले तर तो मरेल, असा त्या उपमेचा पुढचा भाग होता. गदारोळ झाल्यावर, आपण व्यक्तीबद्दल नव्हे तर विचारसरणीबद्दल बोललो, असा खुलासा त्यांनी केला. लगोलग भाजपचे आमदार बसनगौडा पाटील यत्नाळ यांनी सोनिया गांधींना विषकन्या म्हटले. ३० तारखेला कोलारच्या सभेत नरेंद्र मोदींनी उत्तर दिले, त्याचा आशय असा : साप शंकराच्या गळ्यात शोभतो आणि माझ्यासाठी जनता हाच शंकर आहे. चार दिवसांत एका प्रतिमेची तीन रूपे झाली. १० मे रोजी मतदान झाले, १३ ला निकाल लागला आणि साप पुढच्या निवडणुकीपर्यंत बिळात गेला.

त्या दिवसांत सभ्यतेची पातळी घसरल्याची चर्चा पुष्कळ झाली. ती होतच असते. मला वेगळीच गोष्ट खटकत राहिली. या तिन्ही सापांना दात नव्हते. पहिला साप चाटल्याने मारतो. दुसऱ्या प्रतिमेतली स्त्री अंगाअंगाने विष आहे, तिला चावण्याची गरजच नाही. तिसरा साप तर दागिनाच झाला. खरा नाग असा वागत नाही. त्याचे विष रक्तात उतरावे लागते आणि त्यासाठी दात लागतो : कुणाचा तरी, कुणाच्या तरी अंगात, एका नेमक्या जागी रुतलेला.

यात भाषेचाही थोडा दोष आहे. सोमल हेही विष आणि नागाच्या दाताखालचे तेही विष; मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हींना एकच शब्द. त्यामुळे सभेतला साप बघता बघता सोमलाची पुडी होतो. पण दोष सगळा शब्दाच्या माथी मारून चालणार नाही. आपल्या राजकीय मराठीतली क्रियापदे बघा. गरळ ओकतात, विष कालवतात, विष पेरतात, वातावरण विषारी करतात. ओकण्यातून साप मारत नाही. कालवणे स्वयंपाकघरातले, पेरणे शेतातले. दाताचे क्रियापद त्यात एकही नाही. ‘डसणे’ म्हटले की कोण डसले, कुणाला डसले, कुठे डसले हे सांगावे लागते. ‘वातावरण विषारी झाले’ या वाक्यात कर्ता म्हणून वातावरणच उभे राहते आणि बाकी सगळे घरी जातात.

सार्वजनिक भाषणाला विष हवे असते, दात नको असतो. साहित्यात या प्रतिमेचे जे चांगले उपयोग झाले आहेत, त्यांत बरोबर उलटे घडते : विष फारसे बोलले जात नाही, दात मात्र कुणाच्या तोंडात आहे हे दिसते. बऱ्याचदा तो आपल्याच तोंडात निघतो. हा फरक अलंकाराचा म्हणून सोडून देता येत नाही, याचे कारण बेंगळुरूत राहणाऱ्याला शोधायला लांब जावे लागत नाही.

५ सप्टेंबर २०१७ रोजी संध्याकाळी राजराजेश्वरी नगरात गौरी लंकेश यांना त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या. त्याआधी दोन वर्षे, ३० ऑगस्ट २०१५ रोजी, धारवाडमध्ये एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घरी मारले गेले. मराठी वाचकाला त्याही आधीच्या तारखा पाठ आहेत : पुण्यात २०१३ चा ऑगस्ट, कोल्हापुरात २०१५ चा फेब्रुवारी. प्रत्येक वेळी शोकसभा झाल्या, आणि प्रत्येक शोकसभेत समाजात विष पसरल्याचे बोलले गेले. ते खोटे नव्हते. पण ते बोलून झाल्यावर सगळ्यांना हळहळ वाटण्याची मुभा मिळे, ज्यांनी वाटू द्यायला नको होती त्यांनाही. दुसरीकडे तपास पथके काडतुसाच्या पुंगळ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत होती. पिस्तूल पुंगळीवर आपली खूण उमटवते, जवळजवळ दातासारखी. गौरी आणि कलबुर्गी यांच्यावर एकाच पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, हे त्या खुणांवरून पुढे आले. न्यायालयात काय टिकेल ते टिकेल. पण भाषणांनी विष शोधले आणि प्रयोगशाळेने दात शोधला, हे लिहून ठेवायला हवे.

आता मराठीकडे. या भाषेत सुळ्याचे झाले काय? संस्कृतात ‘दंष्ट्रा’ म्हणजे पुढे आलेला, फाडणारा दात. वराहाचा, वाघाचा, सापाचा. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूपाची तोंडे तीनदा ‘दंष्ट्राकराल’ म्हटली आहेत. हाच शब्द प्राकृतात ‘दाढा’ झाला आणि मराठीत ‘दाढ’ होऊन आला, पण येताना तोंडात मागे सरकला. आपली दाढ चावत नाही, चावून बारीक करते. मरता मरता वाचलेल्याला आपण मृत्यूच्या दाढेतून ओढून आणतो. मराठी माणसाचा काळ झडप घालत नाही, जात्यासारखा दळतो. खरे तर अकराव्या अध्यायातले चित्रही बरेचसे असेच आहे, त्यात योद्ध्यांची डोकी दातांच्या फटीत चिरडलेली दिसतात. पण तिथे दंष्ट्रा आधी दिसते, मग चुरा होतो. मराठीने चुरा ठेवला.

टोकदार दातासाठी मग ‘सुळा’ आला. त्याच्या कानात ‘सूळ’ वाजतो, सुळावर द्यायचा तो. शब्द उत्तम आहे, पण आपण त्याला कामच दिले नाही. मराठी वर्तमानपत्रात ‘सुळे’ रोज येतात, ते आडनाव म्हणून. कन्नडने ‘कोरेहल्लु’ हा शब्द जिवंत ठेवला आहे, राक्षसासाठी, रानडुकरासाठी आणि दंतवैद्याकडे जाणाऱ्यासाठीही. आपल्या दातांचे वाक्प्रचार बहुतेक दुबळ्याचे आहेत : दाती तृण धरणे, दाताच्या कण्या करणे, दातखीळ बसणे. दात धरणे एवढाच एक डूख धरणारा, आणि त्यातही चावा नाही, नुसता हिशेब आहे. आपली भुतेसुद्धा उलट्या पावलांनी ओळखायची, सुळ्यांनी नव्हे. कुसुमाग्रजांची ‘अहि-नकुल’ (‘विशाखा’, १९४२) ज्यांनी शाळेत म्हटली त्यांना आजही आठवते ती नागाची चाल.

सार्वजनिक बोलण्यात दाताचे नाव निघते तेव्हा तो बहुधा गेलेला असतो. कर्नाटकच्या लोकायुक्ताची गोष्ट याचे चांगले उदाहरण आहे. विधानसौधच्या समोरच्या बाजूला, आंबेडकर वीधीवरच्या बहुमजली सरकारी इमारतीत हे कार्यालय आहे. कायदा १९८४ चा. न्यायमूर्ती संतोष हेगडे लोकायुक्त असताना २०१० च्या जूनमध्ये त्यांनी अधिकार अपुरे असल्याच्या तक्रारीवरून राजीनामा दिला आणि नंतर तो मागे घेतला. २०११ च्या जुलैत त्यांचा बेकायदा खाणकामावरचा अहवाल आला आणि महिना संपता संपता मुख्यमंत्री येडियुरप्पांना पद सोडावे लागले. मग २०१६ मध्ये सिद्धरामय्या सरकारने भ्रष्टाचार निर्मूलनासाठी वेगळा विभाग काढून लोकायुक्ताचे पोलिसी अधिकार तिकडे नेले. तेव्हापासून कन्नडमध्ये या संस्थेसाठी एक जुनी उपमा सर्रास ऐकू येऊ लागली : ‘हल्लु कित्त हावु’, दात उपटलेला साप.

या उपमेत साप आपला आहे. त्याने चावावे अशी लोकांची इच्छा आहे. रामधारी सिंह दिनकरांच्या ‘कुरुक्षेत्र’मध्ये (१९४६) भीष्म धर्मराजाला जे सांगतो त्याचा गाभा हाच, की क्षमा करायलाही आधी दात असावा लागतो, हिंदी वक्त्यांना ते फार आवडते. पण तिथे दात धाक दाखवण्यासाठी आहे. लोकायुक्ताच्या उपमेत तो कामासाठी हवा आहे, त्यामुळे ती उपमा मला अधिक प्रामाणिक वाटते. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे, बोलणाऱ्यांच्या ती मनात नसावी. नागाचा विषदंत उपटला तरी त्यामागे राखीव दात तयार असतात आणि काही आठवड्यांत नवा दात त्या जागी येतो. गारुड्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणूनच त्यांना ते काम पुन्हा पुन्हा करावे लागते. ११ ऑगस्ट २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने तो वेगळा विभाग रद्द केला आणि अधिकार लोकायुक्ताकडे परत आले. दात उगवला, पण उपमा तिथवर कुणी नेल्याचे मला दिसले नाही. गेलेल्या दाताचे रडगाणे रंगते. उगवलेल्या दाताला चावून दाखवावे लागते.

सुळा आणि सार्वजनिक भाषण यांची गाठ याच राज्यात एका ठिकाणी अक्षरशः पडते. तुळुनाडूच्या भूतकोलात पंजुर्ली हे रानडुकराचे दैव आहे. त्याचा धातूचा मुखवटा पुढे आलेल्या सुळ्यांचा असतो. दैव अंगात घेणारे पंबद, परव, नलिके या जातींतले, म्हणजे गावाने एरवी ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले ते. कोलाच्या रात्री दैव ‘नुडि’ देते, म्हणजे बोलते. मोठ्या घरांची नावे घेऊन, समोरासमोर, जमिनीच्या तंट्यांवरसुद्धा. आणि जमीनदार हात जोडून ऐकतो. सकाळी मुखवटा उतरतो आणि गाव पूर्ववत होते, हे विसरून या प्रथेचे गोडवे गाऊ नयेत. तरीही हे भाषण दात लावून केलेले आहे. कुणाला म्हटले हे तिथे लपत नाही. ऋषभ शेट्टींच्या ‘कांतारा’ने (२०२२) हे दैव देशभर पोचवले. त्यातली आरोळी लोकांनी डोक्यावर घेतली, ती नंतर लग्नाच्या मिरवणुकांतही ऐकू येऊ लागली. चित्रपटाच्या शेवटच्या प्रसंगात मात्र दैव बोलत नाही, सगळ्यांचे हात एकत्र आणते. प्रसंग परिणामकारक आहे. पण नुडि गेली आणि आरोळी उरली, हा व्यवहार मला तोट्याचा वाटतो.

गिरीश कार्नाडांचे ‘नागमंडल’ (१९८८) दाताचा विचार सर्वांत शांतपणे करते. कार्नाड जन्मले माथेरानला, गेले बेंगळुरूत. मराठी वाचकाला ते अर्धे घरचे. रामानुजनांकडून ऐकलेल्या लोककथांतून हे नाटक उभे राहिले. अप्पण्णा नवऱ्याचे कर्तव्य म्हणून दुपारी जेवायला येतो, बायकोला कुलूप लावून जातो. वारुळातला नाग त्याचे रूप घेऊन रात्री येतो आणि राणीला पहिल्यांदा कुणीतरी प्रेमाने वागवते. या नाटकात डसतो तो माणूस, शब्दांनी. आणि नाग जिच्या अंगाला अंग लावून असतो तिला डसत नाही. इतकेच असते तर ही सोपी उलटापालट झाली असती, साप चांगला आणि माणूस वाईट. कार्नाड तसे सोडत नाहीत. अप्पण्णाने राखणीला आणलेले कुत्रे मरते. मुंगूस मरते. दात आहेत, रात्री अंगणात ते चालतात, आणि त्यांच्या खुणा सकाळी प्रेमिकाच्या अंगावर जखमा होऊन दिसतात. राणीला ते दिसते आणि ती पुरते विचारत नाही. शेवटी पंचांसमोर दिव्य करताना ती वारुळात हात घालून नागाला बाहेर काढते आणि शपथ घेते की नवरा आणि हा नाग यांच्याखेरीज कुठल्याही पुरुषाला मी शिवले नाही. शपथ शब्दशः खरी आहे. नाग तिच्या खांद्यावर चढून छत्रीसारखा फणा धरतो आणि गाव तिला देवी ठरवते. त्या क्षणी रंगमंचावरच्या सर्वांत धोकादायक तोंडात दात आहेत हे प्रेक्षक विसरलेला नसतो. ते मिटलेले आहेत, एवढ्यावर तो प्रसंग तोललेला आहे. कोलारच्या भाषणातला गळ्यातला साप याच्या शेजारी ठेवून पाहावा. तिथे दात नाहीतच, म्हणून कुणाला काही तोलावे लागत नाही.

या सगळ्याच्या मागे, आठशेहून अधिक वर्षे अंतरावर, अक्कमहादेवीचे एक वचन आहे. सापाचे दात काढून त्याला खेळवता येत असेल तर सापाची संगत बरीच, असे ते सुरू होते. मग तेच ती देहाबद्दल म्हणते. मग देहाचा विकार म्हणजे आईच रक्कसि व्हावी तसा, अशी एक अंगावर येणारी तुलना करते. आणि शेवटी चेन्नमल्लिकार्जुनाला सांगते की तू ज्यांच्यावर प्रसन्न झालास त्यांना देह आहे असे म्हणू नकोस. इथे साप म्हणजे शत्रू नाही, विरोधी पक्ष नाही, परपुरुषही नाही. साप म्हणजे स्वतः. त्याला ठेचायचे नाही, टाकायचे नाही. त्याच्यासोबत राहायचे आहे, आणि दाताचा प्रश्न आपला आपण सोडवायचा आहे. नवा दात पुन्हा उगवतो हे गारुड्याचे ज्ञान या वचनाला लावून पाहिले की ‘खेळवता येत असेल तर’ या अटीला धार येते. हे एकदा करून संपणारे काम नव्हे.

१९७३ च्या ‘स्पीकिंग ऑफ शिवा’ या संग्रहात रामानुजनांनी हे वचन इंग्रजीत नेले आणि ‘रक्कसि’साठी ‘व्हॅम्पायर’ हा शब्द घातला. यावर नाक मुरडणे सोपे आहे : बाराव्या शतकातल्या कन्नड आईच्या तोंडात ट्रान्सिल्व्हेनियाचे सुळे. पण त्यांनी काय केले ते नीट बघण्यासारखे आहे. कन्नडमध्ये दात पहिल्या ओळीत येतो आणि काढला जातो. इंग्रजीत तोच दात परत येतो, आईच्या तोंडात. कवितेला मूळात नसलेली एक गाठ बसते. गमावले ते राक्षसीचे खाणे. रक्कसि रक्त पीत नाही, गिळते, चावते; ती दाढेची आहे, सुळ्याची नव्हे. आणि ‘आई राक्षसीण झाली’ हे ऐकताना आपल्याकडच्या श्रोत्याला उलटी गोष्ट आठवते, आई बनून आलेल्या राक्षसिणीची. पूतनेच्या गोष्टीत विष स्तनाला लावलेले आहे आणि प्राण शोषून घेतो तो बिनदाताचा तान्हा. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून मराठीत कादंबरी रचली तेव्हा नाव दिले ‘लुचाई’. लुचणे हा तान्ह्या मुलाचा शब्द. भयकथा म्हणून बाजूला ठेवलेल्या त्या पुस्तकाच्या शीर्षकात भाषेची जी समज आहे, ती बऱ्याच गंभीर अनुवादांत सापडत नाही.

अक्कमहादेवीचे हे शब्द आज छापील रूपात हाताशी आहेत, त्यामागे ‘समग्र वचन संपुट’ या पंधरा खंडांच्या प्रकल्पाचे मोठे श्रेय आहे. त्याचे प्रमुख संपादक होते एम. एम. कलबुर्गी.

मराठी अनुवादकाची अडचण पहिल्याच ओळीत सुरू होते. कन्नडमध्ये साधा ‘हल्लु’ आहे, दात. ‘विषदंत’ लिहिले तर वचन शास्त्राच्या पुस्तकात जाते. ‘सुळे’ लिहिले तर साप वाघ होतो. क्रियापद त्याहून अवघड. दात ‘पाडणे’ म्हणजे मारामारी, ‘उपटणे’ म्हणजे सूड. ‘काढणे’ मूळाला सर्वांत जवळचे, पण मराठीत दात काढणे म्हणजे हसणे, आणि ‘सापाचे दात काढून’ हे मोठ्याने वाचले की पहिल्या रांगेत कुणीतरी खुदकन हसते. मी तरी ‘काढून’च ठेवीन.